मलकापूरच्या जिल्ह्यात पडलेला दगड

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. त्यातले कितीतरी दगडी. अशाच एकाने, बहुधा, बुलढाणा जिल्ह्याला कायमची खूण दिली. जिल्ह्याच्या उत्तर भागात मलकापूर, ही खूण मात्र दक्षिणेला, लोणारला.

लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. फार काळ ते ज्वालामुखीचंच असावं असं वाटत होतं, कारण भोवताली सगळा लाव्हाचा काळा पाषाण. मग 1973 मध्ये इथे मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. प्रचंड आघाताच्या दाबाने खनिजाची झालेली ही काच. ज्वालामुखीला ती जमत नाही. वयाचा आकडाही बदलला: पूर्वी सुमारे 52 हजार वर्षं म्हणत, 2011 च्या आर्गॉन मोजणीने ते 5 लाख 70 हजारांच्या घरात नेलं.

आदळलेला दगड मात्र हाती लागत नाही. तो बहुतांश वितळला, वाफ झाला. वितळलेल्या खडकातल्या रासायनिक खुणांवरून तो कॉन्ड्राइट या दगडी उल्कांच्या जातीचा असावा, असा अभ्यासकांचा कौल आहे. असे दगड येतात कुठून? जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा लघुग्रहाची धूळ 2010 मध्ये पृथ्वीवर आणली आणि सामान्य कॉन्ड्राइटचं माहेर दगडी लघुग्रहच, हे पक्कं झालं.

मुंबई-नागपूर रेल्वेने येणाऱ्यांनी मलकापूरला उतरावं, बुलढाणामार्गे लोणार गाठावं. काठावर उन्हं कलताना उभं राहिलात, तर विवराची गोलाई सर्वांत ठसठशीत दिसते.