मुक्त व व्यापारी संगणकप्रणाली : दोन देवनागरी फाँटांचे उदाहरण

ठाणे वा कल्याण-डोंबिवली येथील अक्षरजुळणीच्या दुकानात पूर्वी जो मराठी मजकूर तयार होई, तो त्याच कंपनीचा फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. कारण प्रत्येक कंपनीची संकेतावली निराळी असे. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षरास एकच संकेतांक मिळाला. मात्र त्या अक्षराचे रूप कोणाच्या स्वाधीन असावे, हा प्रश्न उरलाच. आणि मुक्त व व्यापारी प्रणालींच्या स्पर्धेचे मर्म त्यातच आहे.

सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी (मृत्यू २००८) यांनी दोन्ही पक्षांना अक्षरे दिली. त्यांचा ‘मंगल’ हा फाँट ‘विंडोज २०००’ या व्यापारी प्रणालीबरोबर आला. ‘रघू’ हा फाँट मुंबईच्या एन्.सी.एस्.टी. या संस्थेने जी.पी.एल्. या मुक्त परवान्याखाली खुला केला. लिनक्सचा गाभाही याच परवान्याखाली आहे.

‘मंगल’ वापरता येतो, परंतु त्यात फेरफार करून तो वाटण्याची मुभा नाही. ‘रघू’ त्याच अटींवर सुधारून वाटता येतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असल्यास पहिल्या बाबतीत मालकास विनंती करावी लागते. दुसऱ्या बाबतीत ते स्वतः घडविता येतात. अर्थात हे स्वातंत्र्य कौशल्यावाचून निष्फळ होय. म्हणून येथील महाविद्यालयांनी प्रणाली निवडताना केवळ किंमत न पाहता, दुरुस्तीचा अधिकार व तो वापरणारे विद्यार्थी यांचाही विचार करावा.