एक बोल्ट तुटला, तरी चारही बदला

मारुती 800 चे उत्पादन 2014 साली थांबले, पण जालना रोडवर ही गाडी अजून दिसते. तिच्या चाकाचा एक बोल्ट तुटला की ‘तीन आहेत ना, चालू द्या’ असे हमखास सांगितले जाते. ते ऐकू नये. चाक बोल्टांवर टांगलेले असते, हा समजच चुकीचा आहे. नट आवळला की बोल्ट ताणला जातो, त्या ताणाने चाक ड्रमवर दाबून बसते आणि भार पेलते ते या दोघांमधले घर्षण. 12 मिलिमीटरचा बोल्ट 85 न्यूटन-मीटरने आवळला, तर साधारण साडेतीन टनांचा दाब तयार होतो. मग साडेसहाशे किलोंच्या गाडीला तीन बोल्टांचे दहा टन पुरेत की, असे कोणी म्हणेल. बेरीज बरोबर आहे. पण दाब एकाच बाजूचा गेलेला असतो. तिथे चाक दर फेऱ्याला किंचित हलते आणि शेजारचे बोल्ट वाकतात. जालना रोडवरच्या साठेक किलोमीटरच्या प्रवासात हे छोटे चाक 37 हजारांच्या आसपास फेरे घेते. तार वाकवून वाकवून तोडतात, तसेच हे. शिवाय पान्यावर उभे राहून किंवा हवेच्या गनने ज्या हाताने पहिला बोल्ट जास्त आवळला, त्यानेच उरलेलेही आवळलेले असतात.

दुसरा सल्ला वेल्डिंगचा. वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना आहे, भोवती सुटे भाग बनवणारे उद्योग आहेत. पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवल्यावर ताकद येते, हे इथल्या कामगाराला नवे नाही. वेल्डिंगच्या आचेने नेमकी तीच ताकद त्या जागी जाते आणि बोल्ट ठिसूळ होतो. चारही बदलण्याच्या खर्चाची तक्रार मात्र अर्धी खरी आहे: बोल्ट स्वस्त, मजुरी जास्त. पण ड्रम एकदा उतरवला की चारही बोल्ट बदलायला मेहनत फारशी वाढत नाही. जुना बोल्ट प्रेसने मागे काढावा, हातोड्याचे घाव बेअरिंगवर जाऊ देऊ नयेत. नव्याच्या मानेवरच्या खाचा भोकात सरळ बसवून त्याचे डोके मागून पूर्ण टेकेपर्यंत ओढून घ्यावे. जुनी विलीज जीप असेल तर आणखी जपावे: तिच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, आणि ते माहीत नसलेला मेस्त्री नट सोडवायच्या नादात बोल्टच मोडतो.

आटे कोरडे व स्वच्छ ठेवा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या.