रांगेतला अहवाल

बालरोगतज्ज्ञाने संगणकाच्या नेटवर्कवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याला एक रात्र कारणीभूत आहे. एका नवजात बाळाची कावीळ वाढत होती आणि रक्तबदल करावा की नाही, हे बिलिरुबिनच्या आकड्यावर ठरायचे होते. प्रयोगशाळेने अहवाल केव्हाच पाठविला होता. पण त्याच तारेतून क्ष-किरण विभागाच्या अवजड प्रतिमा जात असल्याने तो पडद्यावर येईना. अखेर निवासी डॉक्टर जिना उतरून कागद घेऊन आले. बाळ सुखरूप घरी गेले, परंतु हे आधी कळले नसते का, हा प्रश्न मनात राहिला.

ते कळू शकते. त्यासाठी नेटवर्क सिम्युलेशनची सॉफ्टवेअर असतात. २००८ साली प्रथम उपलब्ध झालेले ‘एनएस-३’ त्यांपैकीच एक असून ते विनामूल्य आहे. कोणते संगणक कोणत्या तारेने जोडले आहेत, तारेची क्षमता किती, हे त्यात लिहून द्यायचे. माहितीचे प्रत्येक पॅकेट केव्हा निघाले, रांगेत किती थांबले, रांग भरल्यामुळे कोठे गळाले, याचा हिशेब सॉफ्टवेअर मांडते. खऱ्या तारेला हातही लावावा लागत नाही.

गळालेले पॅकेट पुन्हा पाठविणे हा संगणकांचा स्वभाव. गर्दीत तोच गर्दी वाढवितो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि सुमारे ४०० यार्डांवरील विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : आरंभ थोड्याने करावा, हळूहळू वाढवावे, पॅकेट गळताच हात आखडता घ्यावा. तीव्र कुपोषित बालकाचा आहार आपण असाच जपून वाढवितो.

आमच्या एका सहकाऱ्यांच्या अभियंता कन्येने आमच्या नेटवर्कचे असे प्रतिरूप तयार केले. सरासरी दिवसाची वर्दळ घातली तेव्हा सारे सुरळीत दिसले. मी त्या रात्रीची वर्दळ घालावयास सांगितली आणि अहवाल अडकला. मग तिने तातडीच्या अहवालांना रांगेत अग्रक्रम दिला. अहवाल तत्काळ पोहोचले, प्रतिमांना किंचित उशीर झाला. झटके येणाऱ्या मुलाला ओपीडीत आपण रांग मोडून आत घेतो, तेच हे.

प्रतिरूप त्यात घातलेल्या माहितीइतकेच खरे असते. तारांची माहिती अभियंत्यांजवळ असते. सर्वांत वाईट रात्र कशी असते, हे मात्र आपणच त्यांना सांगावयास हवे.