घरचा इन्कम टॅक्स रिटर्न स्वतः भरायचाय? सॉफ्टवेअर निवडण्याआधी एवढं समजून घ्या

जून अर्धा सरला की बल्लारपूर, माजरी, भद्रावती, गडचांदूरच्या घराघरांत एक कागद शोधला जातो, फॉर्म १६. वेकोलिच्या खाणी, आयुध निर्माणी, वीज केंद्र, सिमेंट आणि कागद कारखाने, शाळा, जिल्हा परिषद... पगारातून टॅक्स कापणाऱ्या प्रत्येक मालकाने हा कागद १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. कागद हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला: "रिटर्न कोणाकडून भरायचा?"

आता बरीच मुलंमुली घरीच म्हणतात, "अब्बा, मी भरते मोबाइलवर." चांगली गोष्ट आहे. पण इंटरनेटवर शोधलं की डझनभर अ‍ॅप आणि सॉफ्टवेअर समोर येतात. कोणी मोफत म्हणतं, कोणी जास्तीत जास्त रिफंडचं आमिष दाखवतं. यातलं घ्यायचं कोणतं, हे ठरवण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

"कुटुंबाचा रिटर्न" असा प्रकार नाही

आपल्या कायद्यात नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न भरता येत नाही. ज्याचा पॅन, त्याचा रिटर्न. अब्बांचा पगार, अम्मीचं शिलाईचं काम आणि भावाचं दुकान असेल तर तीन वेगळे रिटर्न होतात. अल्पवयीन मुलाच्या नावावर ठेव असेल, तर तिचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त आहे त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये "एचयूएफ" म्हणजे अविभक्त हिंदू कुटुंब असा पर्याय दिसतो आणि टॅक्स वाचवण्याच्या व्हिडिओंत तो हमखास सांगितला जातो. ही सोय हिंदू कायद्याखाली येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे, त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम कुटुंबाला एचयूएफ करता येत नाही. एका चुलीवर पंचवीस माणसं जेवत असली तरी नाही. तो पर्याय निवडू नका.

आधी फॉर्म ठरवा, मग सॉफ्टवेअर

पगार किंवा पेन्शन, राहतं घर आणि बँकेचं व्याज, एकूण ५० लाखांच्या आत, एवढंच असेल तर आयटीआर-१. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून बऱ्यापैकी नफा झाला असेल तर आयटीआर-२.

आपल्या भागात एक चूक नेहमी होते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे अनेक नोकरदारांची धानाची शेती आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून ते दाखवतच नाहीत. पण ते वर्षाला ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. शेतीवर टॅक्स लागत नाही, मात्र बाकी उत्पन्नाचा दर ठरवताना ती रक्कम हिशेबात येऊ शकते. जंगलात आपोआप उगवणारा माल, म्हणजे तेंदूपत्ता किंवा मोहफूल, विकून आलेला पैसा शेतीचं उत्पन्न धरला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

किराणा, कापड, गॅरेज, चिकन सेंटर अशा छोट्या धंद्यांना आयटीआर-४ सोपा पडतो. उदाहरण घ्या. वडशाच्या एका दुकानाची वर्षाची विक्री ४० लाख. त्यातले २५ लाख यूपीआय आणि बँकेतून आले, १५ लाख रोख. बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के म्हणजे १ लाख ५० हजार, रोख विक्रीवर ८ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. किमान नफा २ लाख ७० हजार दाखवायचा. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. कमिशन किंवा दलालीच्या धंद्याला मात्र ही सवलत नाही.

दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्यांचा हिशेब वेगळा. १२ टनांपर्यंतच्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. त्याहून जड गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये. म्हणजे ३५ टनांच्या एका कोळशाच्या ट्रकमागे वर्षाला ४ लाख २० हजार. हा फरक न विचारणारं सॉफ्टवेअर ट्रकवाल्यांच्या कामाचं नाही.

सरकारी पोर्टल पुरतं का?

बहुतेक नोकरदार घरांना पुरतं, आणि ते पूर्ण मोफत आहे. पत्ता इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, हे बघूनच पुढे जा, कारण हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट असतात. इथे फॉर्म १६ मधला पगार, कापलेला टॅक्स, बँकेचं व्याज आधीच भरून येतं. तुम्ही ते ताडून बघायचं. अर्धवट फॉर्म जतनही करता येतो.

एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे नेटवर्कचा भरवसा नाही. तिथल्यांसाठी पोर्टलवर ऑफलाइन युटिलिटी आहे. ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, पोर्टलवरून आपली आधी भरलेली माहिती एका जेसन फाइलमध्ये घ्यायची, घरी निवांत फॉर्म भरायचा आणि नेटवर्क मिळेल तेव्हा फाइल चढवायची. एक्सेलमधलीही युटिलिटी मिळते, पण ती मोबाइलवर चालत नाही, कॉम्प्युटरच लागतो.

खासगीत क्लिअरटॅक्स, टॅक्स-टू-विन, क्विको ही नावं ऐकायला मिळतात. सीए मंडळी कॉम्प्युटॅक्स, विनमॅन, जिनियस यांसारखी सॉफ्टवेअर वापरतात. एका घराच्या तीन-चार रिटर्नसाठी ती घेण्याची गरज नाही. खासगी सॉफ्टवेअरचा खरा उपयोग शेअरचे पुष्कळ व्यवहार असतील, दोन नोकऱ्यांचे फॉर्म १६ असतील किंवा धंद्याचा ताळेबंद द्यायचा असेल तेव्हा होतो.

पैसे देण्याआधी हे तपासा

• आयकर विभागाकडे ई-रिटर्न इंटरमीडिअरी म्हणून नोंदणी आहे का?
• एकूण किती पैसे लागतील, हे सुरुवातीलाच कळतं का? "मोफत" म्हणून सगळी माहिती भरून घ्यायची आणि शेवटच्या बटणावर बिल दाखवायचं, असंही होतं.
• जुन्या आणि नव्या करप्रणालीची तुलना समोरासमोर दाखवतं का?
• फॉर्म २६एएस आणि एआयएसशी आकडे जुळवून दाखवतं का?
• भरलेला रिटर्न, हिशेबाचा कागद आणि जेसन फाइल उतरवून घेता येते का? पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचं झालं तर हेच कामी येतं.
• मोबाइल नंबर आणि ई-मेल तुमचाच राहतो का?

तुलनेचं महत्त्व एका उदाहरणाने कळेल. २०२५-२६ मध्ये एका खाण कामगाराचा पगार ११ लाख ४० हजार. जुन्या प्रणालीत ५० हजारांची ठोक वजावट, पीएफ-विम्याचे दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार वजा करून ९ लाख १५ हजार उरतात आणि टॅक्स येतो ९९,३२० रुपये. नव्या प्रणालीत फक्त ७५ हजारांची वजावट आहे, उरतात १० लाख ६५ हजार. पण १२ लाखांपर्यंत सूट असल्याने टॅक्स शून्य! या माणसाला विम्याच्या पावत्या जमवत बसण्याचीही गरज नाही. हीच तुलना पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये फुकट करता येते.

आपल्या घरांत नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न

"आम्ही बँकेचं व्याज वापरतच नाही, गरिबांना देऊन टाकतो. मग ते का दाखवायचं?" नियत चांगली आहे, पण कायदा व्याज खात्यात जमा झालं एवढंच बघतो. बँक ती माहिती विभागाला देते आणि ती एआयएसमध्ये दिसते. सॉफ्टवेअरमधला तो रकाना रिकामा ठेवला तर आकडा जुळत नाही आणि नोटीस येऊ शकते. व्याज दाखवा, मग त्याचं काय करायचं ते तुमच्यावर.

"जकात दिली, त्याची सूट मिळेल का?" गरीब नातेवाइकाला किंवा शेजाऱ्याला हातात दिलेल्या जकातीवर सूट नाही. ज्या संस्थेला ८०जीची मान्यता आहे तिला दिलेल्या देणगीवरच मिळते, तीही फक्त जुन्या प्रणालीत. २ हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर नाही, आणि संस्थेकडून फॉर्म १०बीई घ्यावा लागतो. जकात सवाबसाठी आहे. टॅक्ससाठी खोटी पावती बनवणं हा त्या जकातीचाच अपमान आहे.

"उमराहच्या पॅकेजवर एजंटने टॅक्स कापला, तो गेला का?" नाही. पॅकेजवर टीसीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा असतो आणि २६एएसमध्ये दिसतो. २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत हा दर ५ टक्के होता, म्हणजे दोन लाखांच्या पॅकेजवर १० हजार. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून पूर्ण रक्कम परत मिळते. रिटर्नच भरला नाही तर मिळत नाही. तेंदूपत्ता घेणाऱ्या ठेकेदारांच्या टीसीएसचंही तसंच. त्या वर्षी तो ५ टक्के होता आणि तो त्यांच्याच टॅक्समधून वजा होतो. २६एएस न वाचणारं सॉफ्टवेअर घेतलं तर ही रक्कम नजरेतून सुटू शकते.

"रिफंड काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

सगळ्यात मोठा धोका सॉफ्टवेअरचा नाही, त्यात खोटे आकडे टाकणाऱ्या माणसाचा आहे. "पंधरा टक्के आमचे, बाकी रिफंड तुमचा" असं सांगणारे भेटतात. ते तुमच्या नावावर राजकीय पक्षाला देणगी, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, न झालेला आजार दाखवतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशाच प्रकरणांत देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. सरकारी कंपन्यांचे कर्मचारीही या जाळ्यात सापडले होते.

नोटीस आली की एजंटचा फोन बंद होतो. रिटर्न तुमच्या नावाने आहे, जबाबदारी तुमची. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड होऊ शकतो. आधी असं काही झालं असेल तर घाबरून गप्प बसू नका. अद्ययावत रिटर्न चार वर्षांपर्यंत भरता येतो. त्यात पहिल्या वर्षी २५ टक्के जादा टॅक्स लागतो आणि उशीर होईल तसा तो ७० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून लवकर केलेलं बरं.

पासवर्ड आणि ओटीपी ही घराची अमानत आहे. सेवा केंद्रावर फॉर्म भरला तरी आपलाच मोबाइल नंबर टाका, समोर बसून आकडे वाचा आणि मगच ओटीपी द्या.

शेवटचं पाऊल विसरू नका

आयटीआर-१ आणि २ ची मुदत ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण दर वर्षी तसं होईल या भरवशावर राहू नका. उशीर झाला तर ५ हजारांपर्यंत फी लागते. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजारापर्यंत. आणि रिटर्न पाठवला म्हणजे काम संपलं नाही. ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर तो वेळेत भरला असं धरलं जात नाही. काही अडलं तर विभागाचा मोफत क्रमांक १८०० १०३ ००२५ आहे.

थोडक्यात, साधा पगार असेल तर सरकारी पोर्टल. नेटवर्क नसेल तर ऑफलाइन युटिलिटी. शेअर किंवा मोठा धंदा असेल तर नोंदणीकृत खासगी सॉफ्टवेअर किंवा ओळखीचा सीए. यंदा घरातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा आणि एक रिटर्न दोघांनी मिळून भरा. पुढच्या वर्षी ती मोहल्ल्यातल्या चार घरांना मदत करेल, इन्शाअल्लाह.