लायब्ररियन, पण पासवर्डवाला!

रात्री ११ वाजता प्रोजेक्टसाठी हवा तोच रिसर्च पेपर सापडतो. तुम्ही क्लिक करता आणि समोर येते डॉलरमधली किंमत! झालाय ना असा पोपट? गंमत म्हणजे, अनेकदा तुमच्या कॉलेजने त्या जर्नलचे पैसे आधीच भरलेले असतात, फक्त लॉगिनची वाट कुठेतरी तुटलेली असते. ती वाट दुरुस्त करणारा माणूस म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिसोर्सेस लायब्ररियन.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, सुमारे १३ हजार ई-जर्नल्स आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. पण योजना आली म्हणून पेपर आपोआप उघडत नाही. त्यासाठी कॉलेजात कुणीतरी जाणकार लागतोच.

हा माणूस करतो काय? प्रकाशकाशी घासाघीस करतो, करार बारकाईने वाचतो. घरून लॉगिन चालेल का? वर्गणी थांबली तर जुने अंक मिळतील का? शिवाय वापराचा हिशोब. समजा, डेटाबेस ४ लाखांचा आणि वर्षात डाउनलोड फक्त ४०. म्हणजे एक पेपर १० हजारांना पडला! बंद करायचा? पण त्या ४० पेपर्सवर कुणाची पीएचडी अडकली असेल तर? इथे नुसता आकडा बघून चालत नाही.

म्हणूनच दुसऱ्या क्षेत्रातून येणाऱ्यांची आधीची वर्षं वाया जात नाहीत. आयटीवाल्याला लॉगिनची भानगड कळते, लॉ केलेल्याला करार आणि सेल्सवाल्याला घासाघीस.

कुठलीही पदवी असेल तर बी.लिब. आणि मग एम.लिब. करता येतं, बहुतेक ठिकाणी एकेक वर्षाचं. कॉलेज ग्रंथपाल व्हायचं, तर नेट किंवा सेटचीही तयारी ठेवा. मात्र कायमस्वरूपी जागांसाठी वाट पाहावी लागते आणि सुरुवात अनेकदा कंत्राटावर होते, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा राजीनामा टाइप करण्याआधी ओळखीच्या लायब्ररीत परवानगी घेऊन आठवडाभर हे काम जवळून बघा. बंद पडलेली लिंक सुरू करताना मजा आली, तर बिनधास्त फॉर्म भरा!