समुद्राच्या पोटातल्या लाटा

लाट म्हटली की आपल्याला किनारा आठवतो. फेसाळत येणारी, फुटणारी, पाय भिजवून परत जाणारी लाट. पण समुद्रातल्या सर्वांत उंच लाटा किनाऱ्यावरून दिसत नाहीत आणि जहाजाच्या डेकवर उभ्या असलेल्या खलाशालाही त्यांची उंची कळत नाही. त्या पाण्याच्या आत उठतात, आतल्या आत पुढे सरकतात आणि बहुतेक वेळा आतच फुटतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘अंतर्गत लाटा’ म्हणतात. आपल्या अंदमान-निकोबार बेटांच्या पूर्वेला पसरलेला अंदमान समुद्र हे अशा लाटांचे जगातले एक मोठे आगर आहे.

समुद्राचे पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखे नसते. उन्हाने तापलेले, पावसाने आणि नद्यांनी थोडे गोडसर केलेले हलके पाणी वर तरंगते. थंड, खारे, जड पाणी खाली बसते. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो आणि तिथे थोडे खाली गेले तरी तापमान झपाट्याने उतरते. घरी एक प्रयोग करून पाहा. काचेच्या बाटलीत थोडे पाणी आणि त्यावर गोडेतेल ओता, वर जरा जागा मोकळी ठेवा, झाकण लावा. मग बाटली आडवी धरून हळूच कलती करा. तेलाचा वरचा पृष्ठभाग चटकन स्थिर होतो, पण तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक संथ लाट बराच वेळ डुलत राहते.

असे का होते? पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड आहे. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागावर उचललेले पाणी गुरुत्वाकर्षण लगेच खाली खेचते. समुद्राच्या आत मात्र गरम आणि थंड पाण्याच्या घनतेतला फरक एक टक्क्याचाही नसतो. खाली खेचणारा जोर कमी, म्हणून तेवढ्याच ऊर्जेत लाट कितीतरी उंच उठते आणि सावकाश चालते.

या लाटांचा त्रास माणसाला आधी झाला, उलगडा मागाहून. 1893 मध्ये नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन ‘फ्राम’ या जहाजातून सैबेरियाच्या उत्तरेकडून चालले होते. इंजिन नीट चालू, समुद्र शांत आणि तरीही जहाज कुणी मागे धरून ठेवल्यासारखे रेंगाळू लागले. खलाशी अशा जागेला ‘मृत पाणी’ म्हणत. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी तिथे खाऱ्या पाण्यावर साचले होते. जहाजाची सारी ताकद त्या दोहोंच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होत होती. एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेच्या टाकीत छोटी जहाजे ओढून हे दाखवून दिले आणि 1904 मध्ये ते प्रसिद्ध केले.

अंदमान समुद्रातल्या लाटा मात्र जहाजे उठवत नाहीत. त्या भरती-ओहोटी उठवते. निकोबार आणि सुमात्रा यांच्या परिसरात समुद्रतळावर डोंगररांगा आहेत. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी त्यांच्यावरून ढकलले जाते. नदीतल्या खडकावरून वाहताना पाणी जसे उसळते, तसे इथे खालचे थंड पाणी वर-खाली होते आणि त्यातून लाटांचा एक जथा निघतो. पुढच्या भरतीला, म्हणजे साधारण साडेबारा तासांनी, दुसरा.

एकोणिसाव्या शतकातल्या दर्यावर्दींनी या भागात शांत समुद्रावर अचानक खळबळत येणाऱ्या पाण्याच्या लांबच लांब पट्ट्यांची नोंद केली होती. त्यांचे कोडे सुटायला मात्र तेलाची गरज कारणी लागली. 1970च्या दशकात एक तेल कंपनी अंदमान समुद्रात हजार मीटरहून खोल पाण्यात विहीर खणत होती. जहाजातून खाली सोडलेल्या नळाला आतल्या प्रवाहांचा धोका होता, म्हणून पाण्यात मोजमापाची यंत्रे उतरवण्यात आली. त्या नोंदींवर ऑस्बर्न आणि बर्च यांनी 1980 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेला लेख या विषयातला मैलाचा दगड ठरला. साठ मीटर किंवा त्याहूनही उंच लाटा भरतीच्या ठेक्यात एकामागून एक येत होत्या. वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर, म्हणजे आपण धावत-चालत जाऊ तेवढाच. कुतुबमिनार 73 मीटरचा आहे. ही लाट जवळपास त्याच्या उंचीची, आणि वर दिसतो तो फक्त खळबळता पट्टा. तोच पट्टा अवकाशातून स्पष्ट दिसतो. 1975च्या अपोलो-सोयूझ मोहिमेतल्या अंतराळवीरांनी टिपलेल्या अंदमान समुद्राच्या छायाचित्रांतही अशा रेघा होत्या. दक्षिण चीन समुद्रात तर दोनशे मीटरच्या लाटाही मोजल्या गेल्या आहेत.

पाणबुडीसाठी ही गंमत नसते. ज्या घनतेच्या पाण्यात ती तोल साधून असते, ते पाणीच लाट काही मिनिटांत बदलून टाकते. इंडोनेशियाची ‘नांगाला’ ही पाणबुडी एप्रिल 2021 मध्ये बालीच्या उत्तरेला 53 जणांसह बुडाली, तेव्हा अंतर्गत लाटेने ती खाली ओढली असावी अशी शक्यता तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी बोलून दाखवली होती. शक्यताच, सिद्ध झालेले कारण नव्हे, हे लक्षात ठेवलेले बरे.

माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र युद्धनौकांची नाही, प्रवाळांची आहे. अंदमान समुद्र ओलांडून या लाटा थायलंडच्या सिमिलन बेटांवर आदळतात, तेव्हा खोल समुद्रातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी उथळ जागी उसळते. काही मिनिटांत तापमान अनेक अंशांनी उतरते आणि मग पुन्हा चढते. एरवी हे प्रवाळांना जाचकच. त्या पाण्यात प्राणवायू कमी, आम्लता जास्त. त्यामुळे बेटांच्या पश्चिम बाजूला, जिथे लाटा थेट येतात, तिथे प्रवाळांची भिंत पूर्वेच्या आडोशातल्या बाजूइतकी भरभक्कम वाढत नाही.

पण 2010 मध्ये समुद्र अतोनात तापला आणि प्रवाळ पांढरे पडू लागले, तेव्हा पारडे फिरले. उष्णतेने प्रवाळ आपल्या पेशींतले रंगीत शैवाल बाहेर टाकतात. ते अन्न पुरवते, म्हणून ते गेले की प्रवाळांची उपासमार सुरू होते. त्या वर्षी लाटांचा मारा झेलणाऱ्या जागी हे पांढरे पडणे कमी होते. आडोशातल्या, सुखवस्तू भागात जास्त. सिमिलनमध्ये काम करणाऱ्या संशोधकांनी ही बाब नोंदवली आणि तेव्हापासून प्रवाळांचे संरक्षण कुठे आधी करायचे हे ठरवताना लाटांचा नकाशाही हाती असावा, असा विचार पुढे आला.

पेच असा की समुद्राचा वरचा थर तापत गेला की वरच्या आणि खालच्या पाण्यातली तफावत वाढते, आणि लाटा त्याच तफावतीवर चालतात. त्या अधिक जोमदार होतील की थंड पाणीच अधिक खोल जाऊन प्रवाळांच्या आवाक्याबाहेर राहील, हे त्या-त्या जागेवर अवलंबून आहे. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत समुद्राचे चौकोन इतके मोठे असतात की अशी एक लाट त्यांत मावतच नाही. तिचा परिणाम सूत्राने अदमासे भरावा लागतो. म्हणून अजूनही दोरीला तापमापके बांधून ती समुद्रात सोडायची आणि महिनोन्‌महिने दर मिनिटाची नोंद घेत बसायचे, हाच या कामातला रोजचा मार्ग आहे.