हिरवी खरेदी: मन, मित्र आणि खिसा

धाराशिवच्या किराणा दुकानात दोन तूरडाळी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. एक नेहमीची, दुसरी सेंद्रिय आणि महाग. कॉलेजातली मुलगी कुठली उचलेल?

मानसशास्त्रज्ञ आइसेक आइझेन यांनी १९९१ मध्ये विस्ताराने मांडलेला सिद्धान्त इथे कामी येतो. माणूस तीन गोष्टी बघतो: मला हे पटतं का, माझ्या माणसांना काय वाटेल, आणि मला हे जमेल का. पटणं सहसा अवघड नसतं. ज्या जिल्ह्यात दुष्काळात टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या पोरांना पाणी आणि मातीचं मोल पुस्तकातून शिकवावं लागत नाही. गाडी अडते ती तिसऱ्या प्रश्नावर. पॉकेटमनी तुटपुंजा, माल सगळीकडे मिळत नाही आणि डाळ खरंच सेंद्रिय आहे हे कळणार कसं? पाकिटावर सेंद्रिय मालाचं ‘जैविक भारत’ हे चिन्ह बघता येतं, पण सुट्या मालावर ते कुठून येणार?

तिथे ओळख उपयोगी पडते. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने याच जिल्ह्यात बायकांसोबत एक एकर शेतीचा प्रयोग रुजवला: कमी पाण्यात, घरच्या जैविक खतांवर आधी कुटुंबापुरतं धान्य-भाजीपाला, उरलेलं विक्रीला. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मावशीच्या शेतातली डाळ घेताना चिन्ह कोण शोधतं?

विजेवरची स्कूटर हीसुद्धा हिरवी खरेदीच, पण तिच्यासाठी पर्यावरणाचं नाव पुढे करू नका. तिथे पोरं पेट्रोलचा हिशोब करतात, आणि तो हिशोब चुकीचा नाही.